राष्ट्रपतींचे घड्याळ आणि राष्ट्राची फेरिस्त

जिनीव्हा येथे 2011 साली सदबीज या लिलावगृहाने विक्रीस काढलेल्या रोलेक्स बनावटीच्या एका सोन्याच्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवर भारताचा नकाशा आणि 26 जानेवारी 1950 ही तारीख होती. आणि ते ज्यांना भेट मिळाले होते ते गृहस्थ म्हणजे आपले पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद होत. त्यांच्या निधनानंतर, 1964 साली, ते पाटण्याहून चोरीस गेल्याचे सांगून कुटुंबीयांनी हरकत घेतली, भारत सरकारनेही दाद मागितली, आणि लिलाव रहित झाला. परंतु एवढ्यावर समाधान मानणे मला उचित वाटत नाही. कारण प्रजासत्ताकाच्या जन्मदिनाची तारीख मिरवणारी वस्तू जवळजवळ अर्धे शतक बेपत्ता असावी, आणि तिचा ठावठिकाणा परदेशी लिलावाच्या यादीवरून लागावा, ही गोष्ट कोणत्याही स्वाभिमानी प्रजेस लांछनास्पद आहे.

त्या तारखेचे मोल तोळ्यामाशांत होत नाही. त्या दिवशी सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी प्रजासत्ताकाची घोषणा झाली, आणि पुढील सहा मिनिटांत राजेंद्रबाबूंचा शपथविधी झाला. एका प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या रात्री त्यांच्या भगिनी भगवतीदेवी निवर्तल्या, तेव्हाही संचलनाचा सोहळा यथासांग पार पाडून परतल्यावरच त्यांनी बहिणीच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था केली. हे कर्तव्यभान एका दिवसाचे नव्हते. 1910 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजात येण्याविषयी आवाहन केले, तेव्हा घरच्यांच्या विरोधापुढे ज्यांना मन आवरावे लागले, त्यांनीच 1917 साली चंपारण्यात गांधीजींसमवेत निळीच्या जुलमाने गांजलेल्या रयतेच्या जबान्या लिहून घेतल्या, पुढे भरभराटीची वकिली सोडली, आणि 1934 च्या भूकंपानंतर तुरुंगातून सुटताच बिहारच्या साहाय्यकार्याचा भार शिरावर घेतला. अडाणी रयतेचा शब्दन्‌शब्द दफ्तरी यावा म्हणून झटलेल्या पुरुषाची स्मृतिचिन्हे राष्ट्राने वाऱ्यावर सोडावीत काय?

घड्याळ ही वारसांची खाजगी मालमत्ता आहे, तीत सरकारने ढवळाढवळ का करावी, असा आक्षेप कोणी घेईल. वारसांचा हक्क मलाही मान्य आहे. परंतु राष्ट्राने वस्तूची नोंद ठेवल्याने तो हक्क बुडत नाही, उलट चोरीचा माल ओळखू येण्यास तीच नोंद कामी येते. आजचा कायदा येथे तोकडा पडतो. 1972 च्या पुरावस्तूविषयक अधिनियमाप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू सामान्यतः शंभर वर्षे जुनी झाल्यावाचून ‘पुरावस्तू’ ठरत नाही. म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवसाची आठवण जपणाऱ्या या घड्याळास तो दर्जा 2050 पूर्वी मिळावयाचा नाही. मोगलांच्या नाण्यास संरक्षण आणि संविधानसभेचे अध्यक्ष राहिलेल्या राजेंद्रबाबूंच्या वस्तूंस मात्र नाही, ही विसंगती दूर झालीच पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या आणि प्रजासत्ताकाच्या आरंभकाळातील धुरीणांच्या वस्तूंसाठी शतकाची अट शिथिल करावी. त्या ज्यांच्या ताब्यात असतील त्यांच्या संमतीने त्यांची छायाचित्रांसह फेरिस्त सिद्ध करावी. आणि विक्रीचा प्रसंग आल्यास रास्त मोबदल्याने खरेदीचा पहिला अधिकार सार्वजनिक संग्रहालयांस द्यावा. संसदेने मनावर घेतल्यास एका अधिवेशनात होण्याजोगे हे काम आहे, आणि ते तिने आता अधिक लांबणीवर टाकू नये.