दुखरी बोटे आणि उंच तारा

गिटार शिकताना बोटे सोलवटायचीच, हे वाक्य आमच्या गायकवृंदांत इतके रुळले आहे की त्यास कोणी हरकत घेत नाही. आम्ही घेतो. आरंभीचे काही आठवडे बोटांची टोके दुखतात आणि मग घट्टे पडतात, हे मान्य. परंतु वर्षभराच्या सरावानंतरही ‘एफ’ कॉर्ड दाबताना डोळ्यांत पाणी येत असेल, तर दोष बहुधा वाद्याचा असतो.

आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने याच कारणास्तव गिटार खाली ठेवली. “फादर, मला नाही जमणार,” एवढेच ती म्हणाली. तिच्या वडिलांना दुकानदाराने दुप्पट किमतीची नवी गिटार सुचविली होती. आम्ही जुनीच मोजली. बाराव्या पडद्यावर जाड तार साडेतीन मिलिमीटर उंच! ती अडीचच्या, तर बारीक तार दोनच्या आसपास असावी. ज्या वाद्याने मोठ्यांचाही हात दुखावा, त्यावर लेकरांची चिकाटी जोखणे हा कोणता न्याय?

उपाय गहन नाही. प्रथम मानेचा बाक पाहावा. तो अधिक असल्यास आतील ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा. नटच्या खाचा उथळ असतील तर पहिल्याच पडद्यावर बोटे रडतात. त्या खोल करणे मात्र कारागिराचेच काम. मग घोडीवरील पट्टी खालून घासावी. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्याने तेथे एक मिलिमीटर उतरविण्यास पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागते. जुनी पट्टी जपून नवी घासावी, कारण घासलेले परत येत नाही. सोबत तेरा नंबरऐवजी अकरा नंबरच्या तारा लावल्यास ताण आणखी घटतो.

“तारा उतरविल्या की आवाज खरखरतो,” असे आमचे गायकवृंद-प्रमुख म्हणतात. अति उतरविल्या तर खरखरतो, शिवाय जोरकस हाताच्या वादकाला थोडी उंची हवीच. पण म्हणून कोणी साडेतीनवर अडून बसावे काय? मान सांध्यातून उचलली गेली असेल आणि पट्टी घासण्यास जागाच नसेल, तर स्वस्त वाद्य बदलणे शहाणपणाचे, हेही आम्ही नाकारत नाही. मात्र कारखान्यातून येणारी नवी गिटारही पुष्कळदा उंच तारांनीच येते. तीही कारागिराकडे न्यावीच लागेल!

त्या मुलीची गिटार एका दुपारीत नीट झाली. खर्च नव्या वाद्यापुढे किरकोळ. पावसाळी दमटपणाने पुढची फळी फुगून तारा पुन्हा वर चढतात, म्हणून ऑगस्टमध्ये ती पुन्हा मोजायची, असे आमचे ठरले आहे.