शहात्तर चिंचोके

मंडळी, मागच्या महिन्यात मी धावण्याबद्दल मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. या वेळी माझी फजिती सांगते.

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 मध्ये आयर्नमॅन 70.3 ही स्पर्धा सुरू झाली. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल आणि शेवटी 21.1 किलोमीटर धावायचं. हाफ मॅरेथॉन मी तीनदा पळालेय, सायकल तर रोजचीच. म्हणून नाव नोंदवलं आणि तलावात उतरले. पंचवीस मीटरच्या दोन फेऱ्यांत जीव घशाशी आला. शेजारच्या लेनमध्ये साठीच्या एक काकू आरामात ये-जा करत होत्या!

कोठीला घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबा मूळचे नांदेडकडचे, पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. त्यांनी एकच विचारलं, "श्वास सोडतेस कधी?"

सोडतच नव्हते. तोंड पाण्यात असेपर्यंत श्वास कोंडून ठेवायचा आणि वर आलं की सोडणं-घेणं दोन्ही एका क्षणात उरकायचं, असं चाललं होतं. अशा वेळी जीव घाबरा होतो तो मुख्यतः अंगात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. मग दोन आठवडे नुसते पाण्यात बुडबुडे सोडत, अगदी सावकाश पोहले. पायही कमी मारायला लागले. आम्हा धावणाऱ्यांना पाय झोडायची सवय असते. त्यात दम जातो, वेग फारसा वाढत नाही, आणि पाय तर पुढे सायकलला हवे असतात.

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस ठरवले. आधी शंभर मीटर पोहून वीस सेकंद थांबायचं, असं आठ वेळा. मग दोनशेचे तुकडे, मग चारशेचे. वेग वाढवायचा मोह झाला की दुसऱ्या दिवशी खांदा आठवण करून द्यायचा. पोहण्यासाठी 1 तास 10 मिनिटं मिळतात, म्हणजे शंभर मीटरला साधारण 3 मिनिटं 40 सेकंद. घाई करायची गरजच नाही.

खरी भीती समुद्राची. तिथे भिंत नसते. तलावात 1.9 किलोमीटर म्हणजे 76 फेऱ्या, आणि दर फेरीला भिंतीला पाय लावून ढकलायची फुकटची मदत. गोव्याचं पाणी कोमट, त्यामुळे अंगाला तरंगायला मदत करणारा वेटसूटही चालत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा भिंतीला हात न लावता अलीकडूनच वळते. दर सात-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोर बघते. (मुलांनो, तळ्यात किंवा समुद्रात सरावाला एकट्याने कधीही जायचं नाही.)

आई गेल्यापासून बाबा पहाटे घराबाहेर पडत नव्हते. एक दिवस म्हणाले, "फेऱ्या मी मोजतो." कोठीतली पुस्तकांची दुकानं उघडायच्या कितीतरी आधी आम्ही आता निघतो. ते तलावाच्या काठावर खुर्चीत बसून एका खिशातले चिंचोके दुसऱ्या खिशात टाकतात.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच न थांबता पोहले. धापा टाकत काठ धरला, घड्याळ पाहिलं, 58 मिनिटं!

"बाबा, झालं!"

त्यांनी खिसा चाचपला. "एक उरलाय गं."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. वळले.