आधी पाणी द्या
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी पाळणाघर चालते. अंबरनाथ पूर्वेला चाळीतल्या दोन खोल्या. पुढची पाळणाघराची, मागची आमची. सकाळी आया मुलांना सोडतात आणि लोकल पकडायला धावतात. सध्या नऊ मुले आहेत. त्यांच्या पैशांतून माझी कॉलेजची फी भरली जाते, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे लिहिणार आहे ते थोडेसे आईच्या विरुद्ध आहे, आणि पुष्कळसे माझ्या स्वतःच्या.

दिवाळीच्या सुट्टीत चार वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मना पानी दे." बदलापूरकडची, आगरी घरातली पोर. मी चटकन म्हटले, "मना नाही, मला. पानी नाही, पाणी. म्हण बघू!" ती काही म्हणाली नाही. माझ्याकडे नुसते पाहिले आणि कोपऱ्यात जाऊन बसली. दिवसभर तिने पुन्हा पाणी मागितले नाही. संध्याकाळी तिची आई आली तेव्हा पोर घटाघटा तांब्याभर पाणी प्यायली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण आम्हीही आगरीच. माझी आजी अजून 'मना'च म्हणते, आणि पहिलीत मी तसे म्हटले तेव्हा सारा वर्ग हसला होता. ते हसू मी तेरा वर्षे जपून ठेवले आणि संधी मिळताच एका चिमुरडीच्या पदरात टाकले!

आईला सांगितले तर ती म्हणाली, "पालक पैसे कशाचे देतात? पोरगं शुद्ध बोलावं, दोन इंग्रजी कविता म्हणावीत म्हणूनच ना?" आईचे अगदीच चूक नाही. प्रमाणभाषा आली म्हणून तर मी आज या अंकात लिहिते आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परंतु प्रमाणभाषा शिकवणे वेगळे आणि मुलाच्या तोंडची भाषा काढून घेणे वेगळे. चौथ्या वर्षी मूल 'मी कोण' हे शोधत असते, आणि ते सांगायला त्याच्याजवळ घरून आणलेले शब्दच असतात. तेच चुकीचे ठरले तर त्याने बोलावे तरी कशाने? 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा आपल्या बहुतेक बालवाड्यांचा पहिला धडा. मूल गप्प बसले की आपण त्याला शहाणे म्हणतो.

हे मला सुचले असे नव्हे. आपल्या ग्रंथालयात अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन आहे. ते जरूर वाचावे. ताराबाई मोडक आणि अनुताई यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बाया बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडला वारली मुलांत गेल्या. मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शाळा कुरणात! महागडी साधने नाहीत? मग बिया, शिंपले, खडे, पाने. मुलाला आपल्यासारखे करून मग शिकवू, असे त्यांनी म्हटले नाही. मूल जसे होते तिथपर्यंत त्या चालत गेल्या. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आमच्या गल्लीतही एक अंगणवाडी आहे. तिथे खिचडी वेळेवर मिळते, वजनही होते. मुलांशी गप्पा मारायला मात्र एकट्या सेविकेला सवड कुठली!

उल्हासनगरच्या माझ्या दोन सिंधी मैत्रिणींना आजीचे बोलणे समजते, उत्तर मात्र हिंदीतच सुचते. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत आजीने सांभाळलेली भाषा नातीच्या ओठांवर आली नाही. त्या हसत सांगतात, पण मला ते हसण्यावारी नेता येत नाही.

कोणी म्हणेल, ही सारी भावुकता आहे. मग ऑगस्ट २०२४ आठवा. बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले. कित्येक तास लोकल बंद होत्या. आपल्यापैकी अनेकजण त्या दिवशी अडकले होते. त्यानंतर चर्चा झाली ती कॅमेऱ्यांची, पोलिसांची, शिक्षेची. ती व्हायलाच हवी होती. पण घरच्यांना कळले ते एका मुलीने आपल्या शब्दांत सांगितले म्हणून. 'मना' म्हणताच जिला थांबवले जाते, ती असे काही झाले तर कोणापाशी आणि कोणत्या शब्दांत सांगेल? त्या दिवशी कोपऱ्यात बसलेली ती पोर मला आठवते, आणि भीती वाटते.

आता दुपारी झोपेनंतर अर्धा तास मी मुलांना नुसते बोलू देते. कोणी भोजपुरीत बोलते, कोणी तेलुगूत, एकजण फक्त रेल्वेचे आवाज काढतो. मी दुरुस्त करीत नाही. मूल 'मना' म्हणाले की आधी पाणी देते आणि देताना 'हे घे पाणी' म्हणते. ऐकून ऐकून 'मला'ही येईल. आईने प्रथम नाक मुरडले. परवा मात्र त्याच मुलीशी ती चक्क आगरीत बोलत होती, जी ती पाळणाघराच्या खोलीत कधी बोलत नसे.

या महिन्यात एका पालकांनी मूल काढून घेतले. "इथे असले बोलायला शिकवता का?" असे त्यांनी विचारले. आईने त्यांना चहा दिला, उरलेले पैसे मोजून परत केले, आणि मला एका शब्दानेही बोलली नाही. आता आठ मुले आहेत. दुसऱ्या सत्राची फी जानेवारीत भरायची आहे.