गोठ्याचे जीवशास्त्र सर्वांच्या वर्गात हवे

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूर गावातील शिवमंदिरात देवाचे नाव ‘एळुत्तरिनाथर’ आहे, म्हणजे अक्षरे जाणणारा स्वामी. अगस्त्य ऋषींना तमिळ व्याकरणाचे ज्ञान येथे मिळाले, अशी आख्यायिका आहे. मुलांना शाळेत घालण्यापूर्वी आईवडील त्यांना येथे दर्शनाला आणतात. मंदिराभोवती कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरे आहेत. अक्षरे वाचायला शिकलेल्या मुलाला बांधावर चरणाऱ्या गाईच्या आजाराची लक्षणे वाचता येतात का, हा प्रश्न या परिसरातच नव्हे, तर देशातील प्रत्येक पशुपालक गावात विचारण्याजोगा आहे.

भातशेतीच्या पाणथळ प्रदेशातील यकृतकृमीचे उदाहरण घेऊ. बाधित जनावराच्या शेणातून कृमीची अंडी पाण्यात जातात. त्यांतून निघालेली अळी गोगलगाईच्या शरीरात वाढते, बाहेर पडून गवताला चिकटते आणि चाऱ्यातून दुसऱ्या जनावराच्या यकृतात पोहोचते. जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली सूज येते. या कृमीवर परिणामकारक लस बाजारात उपलब्ध नाही. शेणाची विल्हेवाट, पाणथळ जागी चराई टाळणे आणि योग्य वेळी योग्य औषध हेच उपाय आहेत. त्यांतील पहिले दोन कोणताही डॉक्टर गोठ्यात येऊन करू शकत नाही. ते घरच्यांनाच करावे लागतात.

आपले राष्ट्रीय धोरण मात्र प्रामुख्याने लसीभोवती फिरते. त्याला कारणही आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेच्या बळावर भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्याच विश्वासाने केंद्राने २०१९ मध्ये लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु बुळकांडीची लस दीर्घकाळ संरक्षण देत असे. लाळ्या खुरकुताची लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. टोचल्यावर चार दिवस दूध घटते म्हणून पशुपालक जनावर बांधून ठेवतो, पुढे आणत नाही. त्याला समजावणारे कोणी घरातच असेल, तर लसीवरचा खर्च सार्थकी लागेल.

ज्ञानाच्या अभावाची दुसरी बाजू औषधांच्या अतिरेकाची आहे. सगळ्या कळपाला सरसकट तेच ते जंतनाशक पाजल्याने जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. दक्षिण आफ्रिकेत यावर ‘फामाचा’ ही साधी पद्धत विकसित झाली. शेळीमेंढीच्या खालच्या पापणीच्या आतील रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून पाहायचा आणि रक्तशोषक जंतांमुळे फिकट पडलेल्या जनावरालाच औषध द्यायचे. बारा वर्षांच्या मुलाला हे शिकवता येते. त्याच्या जोडीला शेणाचा नमुना गोळा करणे, गोचिडांचे जीवनचक्र ओळखणे, नोंदवही ठेवणे आणि गर्भपात झालेल्या गाईच्या वारेला उघड्या हाताने स्पर्श न करणे एवढे शिकवले तरी पुष्कळ झाले. यातील शेवटचा धडा मुलांच्या स्वतःच्या आरोग्याचा आहे, कारण ब्रुसेलोसिस माणसालाही होतो.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप तमिळनाडूच्याच इतिहासातून येतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. ही जातीच्या व्यवसायात मुलांना पुन्हा जखडण्याची वाट आहे, असे म्हणत पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. तो विरोध रास्त होता आणि आजच्या कोणत्याही प्रस्तावाने त्याचे उत्तर दिले पाहिजे.

ते उत्तर महाराष्ट्राच्या परंपरेत सापडते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शिक्षणात वाचन, लेखन आणि हिशेब यांच्या बरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली. शेतीचे ज्ञान त्यांनी अक्षरज्ञानाच्या जोडीला मागितले. त्याच्या मोबदल्यात नव्हे. फरक नेमका येथे आहे. पशुआरोग्य हा गुराख्याच्या मुलासाठीचा वेगळा, दुय्यम अभ्यासक्रम असू नये. तो विज्ञानाच्या तासाचा भाग असावा आणि शहरातील मुलांनीही तो शिकावा. पिशवीतल्या दुधात प्रतिजैविकांचे अंश का राहतात, हा प्रश्न त्यांचाही आहे.

दुसरा आक्षेप अर्धवट ज्ञानाचा. तोही दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणून मर्यादा स्पष्ट हवी: विद्यार्थ्याने पाहावे, नोंदवावे, कळवावे आणि रोग टाळावा, सुई हातात घेऊ नये. निदान आणि उपचार पशुवैद्यकाचेच काम राहील.

यासाठी नव्या संस्था उभारण्याची गरज नाही. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडू येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या तंजावर येथील केंद्रात कासदाहासारख्या आजारांवरील वनौषधींचे काम झाले आहे. महाराष्ट्रात नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची तरतूद आहे. तमिळनाडूचा त्या धोरणाला विरोध असला, तरी हे दहा दिवस कोणत्याही राज्याला स्वतःच्या अभ्यासक्रमात ठेवता येतील. अडचण जागेची वा पैशाची नसून दोन खात्यांची आहे. शिक्षण खात्याला गोठा आपला वाटत नाही आणि पशुसंवर्धन खात्याला वर्ग आपला वाटत नाही. जिल्हा पातळीवर पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जवळच्या शाळा नेमून दिल्या आणि अंतर्वासित विद्यार्थ्यांच्या कामात शालेय अध्यापनाचा समावेश केला, तर सुरुवात याच वर्षी होऊ शकते.

साथ आली की लसीसाठी धावाधाव होते. साथीची पहिली खूण मात्र कोणत्याही अहवालाआधी गोठ्यात दिसते. ती ओळखणारे डोळे घडवणे हेही साक्षरतेचेच काम आहे.