दहा गुणांची परात्मता

‘कोसला’तील नायकाची परात्मता स्पष्ट करा. गुण दहा. हा प्रश्न आम्ही स्वतः अनेकदा काढला आहे आणि त्याची उत्तरेही गठ्ठ्यांनी तपासली आहेत. अस्तित्ववाद, महानगरीय जाणीव, मूल्यऱ्हास, एकाकीपणा हे चार शब्द योग्य जागी आले की सहा गुण द्यायचे, हा आमचा अलिखित नियम. काही वर्षांपूर्वी परभणीकडच्या एका विद्यार्थ्याने या प्रश्नाच्या उत्तरात तीन पाने मेसच्या हिशेबावर लिहिली. खाडे किती दिवसांचे धरतात, सुट्टीत गावी गेल्यावर पैसे का कापून मिळत नाहीत, कॉट बेसिसवरच्या खोलीत पुस्तके कुठे ठेवायची, आणि हे सारे ठाऊक असल्यामुळे पांडुरंग सांगवीकर आपल्याला कसा समजला, असा त्याचा रोख होता. आम्ही लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि चार गुण दिले. आज ते विषयांतर आमचे होते, असे आम्हांला वाटते.

‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला मुलगा वसतिगृहात राहतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, वडिलांचे पैसे घालवतो आणि अखेर गावी परततो. कादंबरीत पैशांचा हिशेब किती ठिकाणी येतो, हे एकदा मोजून पाहावे. शहर त्याला भेटते ते खोल्या, उधाऱ्या, समित्या, परीक्षा आणि वडिलांची पत्रे यांतून. समीक्षेने हे सारे ‘पार्श्वभूमी’ म्हणून बाजूला सारले आणि पुढे एक युरोपीय संज्ञा आणून बसवली. संज्ञा चुकीची आहे, असे आम्ही म्हणत नाही. ती फार लवकर येते, ही आमची तक्रार आहे. वाचन सुरू होण्याआधीच ती निकाल देऊन मोकळी होते.

शिवाय ती सर्वांना सारखी लागू करण्यात येते. पांडुरंगाच्या पाठीशी जमीनजुमला असलेले घर आहे. शहराला कंटाळण्याची आणि परत जाण्याची सोय त्याला आहे. ज्याला गावात परतण्याजोगे काही नाही, त्याचे काय? पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) जे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्याच्या खेड्यांतून तेथे आलेल्या दलित विद्यार्थ्यांना नागसेनवनाच्या वसतिगृहात पहिल्यांदा हक्काची खाट, वाचनालय आणि आपल्यासारख्यांची संगत मिळाली. त्यांना शहर परके वाटले नसेल असे नाही. परंतु गाव त्याहून अधिक परके होते. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले आणि दलित साहित्याच्या चळवळीला व्यासपीठ मिळाले. या इतिहासाला ‘महानगरातील तुटलेपण’ या मथळ्याखाली कुठे बसवणार? इथे तर नव्या शहराने माणसे जोडली.

म्हणजे ‘नवे शहर’ ही एकच गोष्ट नाही. पुण्यात खोली शोधणाऱ्या मुलाला भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते, तेव्हा त्याला पेठांचा एक नकाशा मिळतो. मुलींना वसतिगृहाचे फाटक बंद होण्याची वेळ वेगळा नकाशा देते. सायंकाळचे व्याख्यान, नाटकाचा प्रयोग, अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची धुंडाळणी, यांतले काय वाट्याला येणार हे फाटक ठरवते. त्या मुलीलाही आम्ही महानगरीय जाणिवेवर टीप लिहायला सांगतो, आणि तीही बिचारी लिहिते.

यावर आमचे काही सहकारी म्हणतील : साहित्याचा वर्ग म्हणजे समाजशास्त्राचा वर्ग नव्हे. मान्य. मग भाषेचेच बोलू, कारण ती तर निखळ वाङ्मयीन बाब आहे. नेमाड्यांनी प्रमाण मराठीचा तोल मोडला, बोलीची लय कादंबरीत आणली, हे आम्ही तासभर रंगवून सांगतो. त्याच तासाला बीडची मुलगी उभी राहून तिच्या मराठीत प्रश्न विचारते, तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि आम्ही उत्तर देण्याआधी तिचे वाक्य दुरुस्त करतो. पुढच्या आठवड्यापासून ती बोलत नाही. कादंबरीतल्या बोलीला पुरस्कार आणि वर्गातल्या बोलीला दुरुस्ती, हा आमच्या अध्यापनाचा खरा अंतर्विरोध आहे. परात्मता शिकवताना आम्ही ती निर्माणही करतो, आणि वर तिच्यावर दहा गुणांचा प्रश्न काढतो.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. ज्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ती वास्तू २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडण्यात आली. मराठी विषय घेऊन दोन वर्षे पुण्यात राहिलेल्या किती विद्यार्थ्यांना आम्ही त्या जागेपर्यंत किंवा गंज पेठेतल्या फुलेवाड्यापर्यंत पायी घेऊन गेलो? आमचे उत्तर लाजिरवाणे आहे. शहराची ओळख हा विद्यार्थ्याचा खासगी मामला मानून आम्ही ती खोलीमालक, मेसवाले आणि खासगी क्लास यांच्यावर सोपवली. आणि त्यांनी करून दिलेली ओळख विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत उतरवली, तर आम्ही तिला विषयांतर ठरवले.

तेव्हा निदान आमच्यापुरता प्रश्न आम्ही बदलत आहोत. ‘‘कोसला’तील पैशाचे आणि राहण्या-जेवणाचे तपशील कादंबरीच्या भाषेला कसा आकार देतात, ते स्वतःच्या शहर-अनुभवाच्या आधारे लिहा.’ गुण दहाच. अस्तित्ववाद हा शब्द वापरल्यास हरकत नाही, पण तो वापरल्याचे वेगळे गुण मिळणार नाहीत. आणि उत्तर प्रमाण मराठीतच असावे, अशी अट नाही.