'पानिपत झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

डोंगरकड्यात ग्रामपंचायतीचा निकाल लागला आणि एखाद्या पॅनलचा धुव्वा उडाला, तर पारावर काय ऐकू येईल? "त्यांचं पार पानिपत झालं." हिंगोली जिल्ह्यातलं हे गाव आणि हरियाणातलं पानिपत यांच्यात सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते शहर पाहिलेलंही नसतं. तरी अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सध्या वाद आहे तो याच अर्थावर. १४ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस पानिपतच्या शौर्य दिन सोहळ्याला गेले. मार्चच्या अर्थसंकल्पात तिथे मराठ्यांच्या शौर्याचं स्मारक उभारायची घोषणा झाली. त्यावर विरोधकांनी विचारलं, जिथे हरलो तिथे स्मारक कशाला? सरकारचं म्हणणं, पानिपत हे पराभवाचं नाही, शौर्याचं प्रतीक आहे.

पण मराठी भाषेनं आपला निकाल कधीच देऊन टाकलाय.

पानिपतावर मोठ्या लढाया झाल्या तीन: १५२६, १५५६ आणि १७६१. मराठीत मात्र 'पानिपत' म्हणजे तिसरीच. या मोहिमेची सुरुवात मराठवाड्यातूनच झाली होती. उदगीरला निजामाला हरवल्यावर सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून उत्तरेकडे निघाले. १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात इतकी माणसं गेली की त्या गावाचं नावच सर्वनाशाचा शब्द बनलं.

एकच शब्द नाही. निवडणुकीच्या बातम्यांत 'इच्छुकांची भाऊगर्दी' असते ना? त्यातला भाऊ म्हणजे हेच सदाशिवरावभाऊ. त्या दिवशीच्या गोंधळाला भाऊगर्दी म्हटलं गेलं, पुढे नुसती झुंबड एवढाच अर्थ उरला. म्हणजे तिकीटवाटपात भाऊगर्दी आणि निकालाला पानिपत, आपली अख्खी निवडणूक त्या एका दिवसाच्या शब्दांवर चालते. "विश्वास? तो तर पानिपतात गेला" हा टोमणाही तिथलाच. पेशव्यांचा मुलगा विश्वासराव त्या लढाईत मारला गेला.

एक फॉरवर्ड मात्र दर जानेवारीत फिरतो आणि तो पटत नाही. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं, म्हणून 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार आला, असं त्यात असतं. पण संक्रांतीची तारीख साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा आणि तारीख होती १२ जानेवारी. मग त्याच्या शंभर वर्षं आधी संक्रांत १४ तारखेला कशी असेल? संक्रांतीची देवी ज्या दिशेला बघते तिकडे संकट येतं, ही पंचांगातली समजूत या वाक्प्रचाराला जास्त जवळची आहे.

'पानिपत' या शब्दातही एक गोष्ट सुटलीय. पानिपत झालं म्हणजे सगळं संपलं, असं आपण बोलतो. प्रत्यक्षात अब्दाली काही महिन्यांत परत गेला आणि दहाच वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली. स्मारकात ही दहा वर्षं नीट सांगितली गेली, तर त्याचा उपयोग आहे. नुसता 'शौर्य' असा फलक लावून लोकांच्या तोंडातला शब्द बदलणार नाही. विधानसभेच्या २०२४ च्या निकालानंतर महाविकास आघाडीच्या वाट्यालाही हाच शब्द आला होता.

खुद्द पानिपतात या नावाला पराभवाचा वासही नाही. ते शहर चादरी, ब्लँकेट आणि रिफायनरीसाठी ओळखलं जातं. टोकियोत भाल्याचं सुवर्ण जिंकणारा नीरज चोप्रा याच जिल्ह्यातल्या खंडरा गावचा. आणि हरियाणातला रोड समाज स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठा सैनिकांचे वंशज मानतो. दरवर्षी १४ जानेवारीला त्यातले लोक काला आंब इथल्या युद्धस्मारकापाशी जमतात. त्यांच्याकडे त्या दिवसाला शौर्य दिनच म्हणतात.