आम्ही ‘तसले’ नाही, हे म्हणणं आता बंद करू या

‘शांत परिसर, फॅमिलीसाठी वन बीएचके, चोवीस तास पाणी.’ गेल्या वर्षी पुण्यात भाड्याचं घर शोधताना ही जाहिरात इतक्या वेळा वाचली की पाठ झाली.

माझी नोकरी नऱ्ह्यातल्या एका छोट्या कारखान्यात. राहायला कोंढव्यात, मामूंच्या घरी. रोज कात्रज-कोंढवा रस्त्याने स्कूटरवर जायचं-यायचं. संध्याकाळी सात वाजता तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. बायकोला पाचवा महिना होता. बाळ यायच्या आत आपलं वेगळं बिऱ्हाड व्हावं, एवढीच इच्छा. म्हणून धायरीच्या बाजूला, शहराच्या कडेला, कारखान्यापासून पंधरा मिनिटांवर घर बघायला लागलो.

माझं आडनाव इनामदार. पहिलं नाव असं की कुठल्याही घरात चालून जावं. मराठी सांगलीकडची. त्यामुळं फोनवर सगळं सुरळीत व्हायचं. ‘या ना इनामदार साहेब, किल्ली वॉचमनकडंच आहे.’ घर बघून व्हायचं, भाडं ठरायचं. एका ठिकाणी दोन हजार टोकनही दिलं. मग अॅग्रीमेंटसाठी आधार कार्डाचा फोटो पाठवला. कार्डावर माझ्या अब्बांचं नाव आहे आणि ते वाचून कुणाचा गोंधळ होत नाही. तासाभरात फोन आला, मालकाचा भाऊ गावाहून येतोय, घर त्यालाच द्यायचंय. टोकन परत मिळालं, एक रुपयाही कमी नाही. जाहिरात मात्र पुढचे तीन आठवडे तशीच होती. भाऊ बहुधा अजून वाटेत असावा.

ही गोष्ट तुम्हाला नवीन नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणांकडं यापेक्षा वाईट गोष्ट असेल. म्हणून नकारांची यादी देत नाही. त्या नकारांनी मला काय करायला लावलं, ते सांगतो.

पाचव्या घराच्या वेळी मी हुशार झालो होतो. मालक सोसायटीच्या पार्किंगमध्ये भेटले. नाव कळल्यावर थोडे थांबले आणि म्हणाले, ‘आमच्याकडं शांत वस्ती आहे, लोकांना चालेल की नाही बघावं लागेल.’ मी लगेच सुरू झालो. ‘नाही हो काका, आम्ही तसले नाही. घरात मटण वगैरे फारसं होत नाही. ही बुरखा घालत नाही. आमच्याकडं गणपतीत आरतीलाही जातात सगळे.’ बायको शेजारीच उभी होती. काका खूश झाले. म्हणाले, ‘तुम्ही वाटतच नाही हो मुसलमान.’ आणि मी हसून ‘थँक्यू’ म्हणालो!

परत येताना ती बराच वेळ गप्प होती. कात्रजच्या सिग्नलला म्हणाली, ‘कल मैं बुरखा पैनी तो? घर छोडना क्या?’ मग पुढं म्हणाली, ‘माझ्या दोघी बहिणी घालतात. बाळाला बघायला येतील तेव्हा काय, जिन्यात उतरवून वर यायचं त्यांनी?’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते घर आम्हाला मिळत होतं. भाडं तेरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, आणि ‘पाहुण्यांची फार वर्दळ नको’ ही तोंडी अट. आम्ही ते घेतलं नाही.

मित्रांनो, घरमालकांशी भांडण आहेच, त्याकडं येतो. पण आधी आपल्या या सवयीबद्दल बोलू. ‘आम्ही तसले नाही’ म्हणताना आपण समोरच्याला सांगत असतो की ‘तसले’ कुणीतरी आहेत, आणि त्यांना घर नाकारलं तर आमची हरकत नाही. त्या ‘तसल्यां’त माझी सासू येते, अब्बा येतात, शुक्रवारी टोपी घालून नमाजला जाणारा माझा मावसभाऊ येतो. मी मटण खातो की नाही, माझी बायको काय घालते, मी आरतीला जातो की नाही, यातल्या कशाचाही भाड्याशी संबंध नाही. आणि मटणाचं म्हणाल, तर त्याच सोसायटीत रविवारी सकाळी निम्म्या घरांतून कोणता वास येतो ते जिन्यातून वर गेलं की कळतं. भाडेकरूने भाडं वेळेवर द्यावं, घर नीट ठेवावं, शेजाऱ्यांना त्रास देऊ नये, मुदत संपली की घर सोडावं. याच्या पलीकडची प्रत्येक अट ही चारित्र्याची परीक्षा आहे, आणि ती फक्त काही जणांचीच घेतली जाते.

नाव झाकून किंवा स्वतःला सौम्य करून मिळालेलं घर टिकतही नाही. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव लावून खोली घेतली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी पुढचं सगळं लिहून ठेवलंय. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरची अडचण सांगितली. शेवटी सार्वजनिक बागेत बसून त्यांनी परतीच्या गाडीची वाट पाहिली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला नाव बदलून अकरा दिवस मिळाले. आपल्याला फार तर अकरा महिने मिळतील.

आता समोरच्यांचं बोलू. पहिला युक्तिवाद, ‘घर माझं आहे, कुणाला द्यायचं ते मी ठरवणार.’ दुकानही कुणाच्या तरी मालकीचं असतं, हॉटेलही असतं. तरी संविधानाच्या कलम १५(२) ने दुकानात, हॉटेलात, विहिरीवर, रस्त्यावर धर्म किंवा जात बघून माणसाला अडवायला मनाई केली. म्हणजे खासगी मालकीला मर्यादा घालता येते हे या देशाने १९५० सालीच मान्य केलंय. राहायचं घर मात्र त्या यादीत आलं नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपविधी योग्य ठरवला. कायद्यात ही फट आहे आणि ‘मालकाचा भाऊ’ त्या फटीतून ये-जा करतो.

ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांनी घर देताना वंशावरून भेदभाव करायला १९६८ सालीच कायद्याने बंदी घातली. त्या कायद्यांतही पळवाटा होत्या आणि तिथंही लोक एका रात्रीत सुधारले नाहीत. पण नाकारलेल्या माणसाला जायला एक दार मिळालं. आपल्याकडं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहेच. घर भाड्याने देताना धर्म, जात, लिंग यांवरून नकार देता येणार नाही, असं एक कलम त्यात घालायला काय हरकत आहे? निवडणुकीत मतं मागायला आलेल्या किती उमेदवारांना आपण हा प्रश्न विचारला? मी तर एकालाही विचारला नव्हता.

दुसरा युक्तिवाद, ‘आमचं काही नाही हो, सोसायटीचा नियम आहे.’ मला हे तीन ठिकाणी ऐकायला मिळालं. तिसऱ्या ठिकाणी मी सेक्रेटरींना म्हणालो, ‘कोणता नियम? उपविधीची प्रत दाखवता का?’ ते चिडले नाहीत, गोंधळले. कारण तसा नियम नव्हताच. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. त्याने सोसायटीला आधी कळवायचं असतं आणि कागदपत्रं द्यायची असतात. पोलिसांनाही भाडेकरूची माहिती द्यायची असते, ‘एनओसी’ मागायची नसते. ‘नियम आहे’ हे वाक्य चालतं, कारण आपण मान खाली घालून निघून येतो.

तिसरा युक्तिवाद आपल्याच घरातून येतो. मामू म्हणाले, ‘कशाला तिकडं जातोस? आपल्या लोकांत राहा. वेळ सांगून येत नाही.’ मी त्यांच्यावर हसणार नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून किती कुटुंबं मुंब्र्याला गेली, का गेली, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. त्यांची भीती खरी आहे. पण त्या सुरक्षिततेची किंमतही मोजावी लागते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना घर मिळण्यातल्या अडचणींची नोंद आहे, एकाच वस्तीत कोंडलं जाण्याची आहे, आणि काही बँका ठरावीक भागांना ‘निगेटिव्ह झोन’ मानून तिथं कर्ज द्यायला टाळतात याचीही आहे. मोहल्ल्यात राहायचं की नाही हे मामूंनी ठरवावं, मी ठरवावं. ‘शांत परिसर’वाल्याने ते आमच्यासाठी ठरवू नये.

आणि खरं बोलायचं तर आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. कोंढव्यात मामूंच्या बिल्डिंगीत वरचा फ्लॅट रिकामा होता. एक नर्स बघायला आली, एकटी राहणारी, मुसलमानच. मालकांनी ‘फॅमिलीलाच देतो’ म्हणून परत पाठवली. त्यांचं आडनाव आपल्यातलंच. बॅचलर नको, तलाकशुदा नको, दुसऱ्या मसलकचा नको, दलित नको, हे सगळं मी आपल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सवर्ण हिंदू नावांपेक्षा दलितांना जास्त नकार मिळाले, आणि मुस्लिमांना त्याहून जास्त. म्हणजे नाकारलेल्यांच्या रांगेत आपण आणि दलित पुढं-मागं उभे आहोत. त्या रांगेत उभं राहून आपणच दुसऱ्याला ढकलायचं असेल, तर मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

मग करायचं काय? मी जे करायला लागलो ते सांगतो.

फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगायचं, अब्बांच्या नावासकट. माझे नकार वाढले, पण पेट्रोल वाचलं आणि मान ताठ राहिली. कारण ‘नियम’ असेल तर तो लेखी मागायचा, निदान मेसेजवर. बहुतेक जण देत नाहीत, पण ‘लिहून द्या’ म्हटल्यावर समोरचा विचारात पडतो. मिळालेला प्रत्येक नकार तारखेसह लिहून ठेवायचा. उद्या कुणी कायद्याची मागणी घेऊन आमदाराकडं गेलं तर हातात वही हवी, नुसती कुजबुज नको. खाणं, कपडे, सण यांबद्दलच्या प्रश्नांना एकच उत्तर द्यायचं, ‘याचा भाड्याशी संबंध नाही.’ आणि घर मिळालं की उपकार झाल्यासारखं वागायचं नाही. कृतज्ञतेपोटी आपण जास्त भाडं कबूल करतो, पावती मागत नाही, अॅग्रीमेंट नको म्हणणाऱ्या मालकाला ‘बरं’ म्हणतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करणं, नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तोंडी व्यवहारात उद्या बाहेर काढलं, तर दाखवायला हातात काहीच नसतं.

आम्हाला घर मिळालं. बाराव्या फोनवर. निवृत्त बाई होत्या, त्यांनी पूर्ण नाव ऐकलं आणि विचारलं, ‘भाडं पाच तारखेच्या आत द्याल ना?’ बस्स. हा काही विजय नाही, नशीब होतं. अकरा जणांनी नाही म्हटल्यावर एक बरं माणूस भेटलं, आणि घर मिळणं बऱ्या माणसावर अवलंबून असू नये म्हणूनच तर कायदा लागतो.

परिसर खरंच शांत आहे. आम्हालाही तेच हवं होतं. बाळाच्या सहाव्या दिवशी माझ्या दोन्ही मेव्हण्या आल्या, बुरख्यातच जिना चढून वर आल्या. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून विचारलं, ‘मुलगी ना?’ आणि डिंकाचे लाडू दिले. दारावर पाटी लावलीय. तिच्यावर अब्बांचं नाव पूर्ण लिहिलंय.